सितारामचं पोट

तूर कापून वावरात आडवी झाली आणि नेमकं आभाळ भरून आलं. पौषाच्या ऐन थंडीत ढग! बोरीच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला असलेल्या त्या वाडीत ज्याची त्याची तूर पडलेली होती. मजूर मिळायची सोयच नव्हती. रंगनाथ आणि चांगुणाबाई, दोघं नवराबायकोच पेंढ्या बांधून खळ्यावर ओढत होते. रंगनाथचं कंबरडं सकाळपासून कुरकुरत होतं. चांगुणाच्या तळहाताला तुराट्यांनी चिरा पडल्या होत्या आणि त्यात घाम गेला की आग व्हायची.

खळ्याच्या कडेला, बाभळीच्या बुंध्याला टेकून सिताराम बसला होता. सिताराम हा चांगुणाचा धाकटा भाऊ. वय तिशीच्या पुढं, दाढीमिशीचा गडी, पण समज लहान लेकराची. त्याला शब्द येत ते चार-दोनच. अक्का, दाजी, भाकर आणि मोटार. आईच्या मागं चांगुणानं त्याला आपल्यापाशी आणला, आणि रंगनाथनं त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही. पुढं त्याला फीट यायला लागली. एकदा तर ऐन विहिरीच्या काठावर पडला. दोघंही दिवसभर वावरात, याच्यामागं कोण राहणार? म्हणून मग त्याला देवगाव फाट्याजवळच्या आधारघरात ठेवलं. तिथं त्याच्यासारखी बरीच माणसं होती. खाणंपिणं, फिटच्या गोळ्या, बसल्या बसल्या करायला खडू पाडायचं काम. दिवाळीला आणि संक्रांतीला तो वाडीत यायचा. आला की सगळ्या वस्तीला कळायचं, एवढी त्याची आरडाओरड आणि हसणं.

या वेळी त्याला आणायला चांगुणा गेली तेव्हा तिथल्या सुमनबाईनं तिला फाटकातच अडवलं होतं. सुमनबाई म्हणजे तिथल्या माणसांचं न्हाणंधुणं, जेवणखाण बघणारी बाई.

"ताई, उन्हाळ्यात हितला आमचा भुजंग गेला, कळलं का तुमाला?"

"कळलं की. पोट दुखलं न् गेला म्हनं."

"पोट दुखायलंय हेच कुनाला कळलं न्हाई. गप पडून ऱ्हायला. आमी म्हनलो रुसलाय. ही मानसं असलीच असतेत म्हनलो. जाऊ नये त्या वयात गेला तो." सुमनबाईनं पदरानं तोंड पुसलं. "ह्यांना सांगता येत न्हाई, ताई. सिताराम रोजच्यावानी दिसला न्हाई तर बसून ऱ्हाऊ नका. पहिलं डाक्टरला दाखवा."

चांगुणा "बरं बरं" म्हणाली, पण मनात जरा चिडलीच. काखेत घेऊन वाढवलेला भाऊ, आणि ही मला शिकवायलीय!

आता मात्र पेंढी बांधता बांधता तिची नजर सारखी बाभळीकडं जात होती. सिताराम ना बैलांच्या अंगावर खडे मारत होता, ना शेळीच्या मागं पळत होता. सकाळी भाकरीचा चतकोर तुकडा मोडून तसाच हातात धरून बसलेला.

"अवं, ह्याला काय झालं असंल?" तिनं विचारलं.

"थंडी बाधली असंल," रंगनाथ मान वर न करता म्हणाला. "ती पेंढी आवळ नीट. सुटायलीय."

शेजारच्या वावरातून कडूबाई पाण्याला आली होती. ती बांधावरूनच हसली. "रुसलाय गं त्यो. फाट्यावर रोज वरन-भात हादडतोय, तुझी बाजरीची भाकर कुठली गोड लागायला!"

चांगुणानं पेंढी आवळली. पण ते वाक्य कुसळासारखं लुगड्यात अडकून राहिलं.

संक्रांतीच्या संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं. बाबासाहेबांचं नाव लागलं.

क्षणभर वस्तीत कुणाला खरंच वाटेना. मग कुणीतरी ओरडलं, आणि सगळी वस्ती विहाराकडं धावली. ज्या वर्षी ह्याच नावापायी मराठवाड्यात घरं पेटली होती, त्या वर्षी चांगुणा पावसाळ्याच्या ज्वारीत लपून बसली होती, आणि सितारामचं हसू ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता. तीच चांगुणा आज पदर खोचून नाचायला लागली. ताशा कडाडला. निळा गुलाल उधळला. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या तोंडात तीळगूळ कोंबत होत्या. रंगनाथची कंबरदुखी कुठल्या कुठं पळाली. तो हात वर करून असा घुमत होता की त्याचं मुंडासं कधी पडलं त्यालाच कळलं नाही.

नाचता नाचता चांगुणा थबकली.

ताशा वाजायला लागला की सिताराम कुठंही असो, धावत यायचा. बरोबर मधोमध उभा राहून टाळ्या पिटायचा. ताल ताशाचा एकीकडं, याच्या टाळ्या भलतीकडं. वाजवणारेसुद्धा त्याला हसून जागा करून द्यायचे. आज तो विहाराच्या भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात पोटावर. डोळे उघडे, पण बघत काहीच नव्हते.

ती त्याच्यापाशी गेली. सदरा वर करून पोटाला हात लावला. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं.

"सिता, काय होतंय रं?"

सितारामनं तिच्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

सकाळी गावातल्या कंपाउंडरला बोलावलं. त्यानं लांबूनच बघितलं. "ग्यास झालाय. काल तीळगूळ लय खाल्ला असंल," म्हणून सुई टोचली, खायचा सोडा पाण्यात द्यायला सांगितला आणि गेला. तीळगुळाचा एक कणही सितारामच्या पोटात गेला नव्हता, पण हे सांगायला चांगुणाला त्यानं उसंतच दिली नाही. दिवस वर चढला तशी सितारामला उलटी झाली. हिरवी, कडवट.

रंगनाथ खळ्यावरून आला तेव्हा पश्चिमेला काळंकुट्ट झालं होतं.

"आज रातच्याला पानी येनार बग. निम्मी तूर अजून वावरातच हाय. उद्या सकाळी घेऊन जाऊ की ह्याला."

"तूर भिजली तर वाळंल," चांगुणा म्हणाली. "हा गेला तर कुठून आनू?"

रंगनाथनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग सितारामकडं. हातातला विळा त्यानं आढ्याला खोचला. "चल."

पण जायचं कशानं? नामांतराच्या निषेधाला बंद पुकारलेला. मोटारी आगारातून निघाल्याच नव्हत्या. बैलगाडीनं तालुक्याला न्यायचं तर हादरे खाऊन खाऊन वाटेतच जीव जायचा. अख्ख्या वाडीत ट्रॅक्टर एकच, तात्यारावाचा. आणि तात्यारावाचा पुतण्या तर बंदवाल्यांच्या पुढं होऊन घोषणा देणारा.

"मी जाते," चांगुणा म्हणाली.

तात्याराव ओट्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होता. ती दारापासून जरा अंतरावर थांबली. त्यानं बघितलं, तरी घाटे सोलणं चालूच ठेवलं.

"काल लय नाचलात म्हनं."

"नाचलो, तात्या. सोळा वर्सांनी नाचलो."

"हां. आन् आज माज्या दारात."

चांगुणाला परत फिरावं असं एकदा वाटलं. पाय मात्र तिथंच रुतवून ती म्हणाली, "सितारामचं पोट फुगलंय. उलट्या व्हायल्यात. मोटारी बंद हायत. टॅक्टर दिला तर जगंल."

तात्यारावाचे हात थांबले. "कोन? माज्या टॅक्टरला रोज सलाम ठोकतो ते येडं?"

"व्हय."

"परवा नांगर घेऊन गेलो तवा उठला न्हाई ते. म्या म्हनलं, ह्याला काय झालं?" घाटे बाजूला सारत तो उठला. "उभी काय ऱ्हायलीस? रंगनाथला ट्राली जोडायला लाव. खाली कडबा टाका भरपूर, हादरे बसतेत. मीच येतो."

ट्रॉलीत कडब्यावर गोधडी टाकून सितारामला निजवला. डोकं चांगुणाच्या मांडीवर. ज्या ट्रॅक्टरच्या आवाजावर तो अर्धी भाकरी टाकून पळायचा, त्यात आज तो पहिल्यांदा बसला होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं. चांगुणाला तेच फार लागलं.

मोठ्या रस्त्याला लागले तर रस्त्यावर धोंडे रचलेले. पोरं काठ्या घेऊन उभी. तात्यारावाचा पुतण्या पुढं आला आणि चुलत्याला बघून गडबडला.

"तात्या, तुमी? ह्या लोकांना घेऊन?"

"लोकांना न्हाई, ह्याच्या पोटाला घेऊन चाललोय!" तात्याराव ट्रॅक्टरवरूनच कडाडला. "बघ वर चढून. बघ म्हनतो ना! बघितलंस? आता धोंडे उचल. का मी उतरू खाली?"

पुतण्यानं ट्रॉलीत डोकावलं. सिताराम त्याच वेळी कण्हला. पोरगा खाली उतरला, काठी टाकली आणि धोंडा उचलायला वाकला. त्याच्याकडं बघून बाकीचेही वाकले. ट्रॅक्टर पुढं गेला तसे मागं धोंडे परत रचल्याचे आवाज आले. तात्यारावानं एक कचकचीत शिवी हासडली, आणि चांगुणाला त्या तसल्या घोरातही हसू आलं.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण होता, पण डोळे तारवटलेले. बंदामुळं बाकीचे डॉक्टर पोचलेच नव्हते. त्यानं तात्यारावाकडं बघून विचारलं, "काय होतंय याला?"

"ही सांगंल. बहीन हाय त्याची."

चांगुणानं सांगितलं. डॉक्टरनं सितारामच्या डोळ्यांपुढं बोट फिरवलं. "फिटच्या गोळ्या चालू आहेत ना? या गोळ्यांनी मंदपणा येतो बाई. आणि असे पेशंट गप्पच असतात."

सुमनबाईचं फाटकातलं बोलणं चांगुणाच्या कानात गरकन फिरलं. असलीच असतेत म्हनलो.

"हा गप्प बसनारा न्हाई, साहेब," ती म्हणाली. आवाज चढला तसा तिनंच तो खाली आणला. "तुमी ह्याला आजच बघायलाव. हा शेळीशी भांडतोय. गूळ चोरून खातोय न् वर मलाच हात दाखवतोय. मोटार दिसली की अर्ध्या कोसावरनं वरडतोय. काल आमच्यात ताशा वाजला, हा उठला न्हाई. माजा भाऊ असा न्हाई, साहेब. ह्याला कायतरी झालंय."

डॉक्टर थांबला. मग स्टूल ओढून सितारामच्या समोर, त्याच्या डोळ्याला डोळा येईल असा बसला. "सिताराम, कुठं दुखतंय?"

चांगुणा तोंड उघडणार तोच डॉक्टरनं तिला हातानं थांबवलं. सितारामनं हळूच हात पुढं केला, डॉक्टरच्या गळ्यातली नळी पकडली आणि तिचं टोक आपल्या पोटावर टेकवलं.

डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, नळी लावून ऐकलं. त्याचा चेहरा बदलला. "संडासला शेवटचा कधी गेला हा?"

चांगुणानं रंगनाथकडं बघितलं. रंगनाथनं जमिनीकडं. डबा भरून द्यायचा, कुंपणाकडं धाडायचं, तो परत यायचा. गेला का नाही, कोण बघतंय? मोठा गडी. आणि मग चांगुणाच्या डोक्यात लख्ख पडलं. आधारघरात त्याला संडासाच्या भांड्यावर बसायची सवय लागली होती. इथं उघड्यावर, काट्याकुट्यात, अंगावर येणाऱ्या कुत्र्यांत तो बसलाच नसणार. आल्यापासून बसला नसणार. तसाच डबा ओतून माघारी येत असणार.

"न्हाई गेला, साहेब," ती कशीबशी म्हणाली. "आमी विचारलंच न्हाई."

"गोळ्यांनीही कोठा जड होतो. थंडीत पाणीही कमी पितात." डॉक्टर बाह्या वर करत उठला. "आतड्यात दगडासारखं घट्ट झालंय. सलाईन लावतो, एनिमा देऊ. मोकळं झालं तर ठीक. नाही झालं तर परभणीला ऑपरेशनला न्यावं लागेल. सिस्टर, गरम पाणी आणा!"

रंगनाथ आणि तात्याराव बाहेर व्हरांड्यात बसले. एकाच बाकावर, मध्ये माणूसभर जागा सोडून. तात्यारावानं तंबाखू मळली, आणि थोडा वेळ विचार करून अर्धी रंगनाथपुढं धरली. बाहेर बारीक पाऊस सुरू झाला.

"तूर?" तात्याराव म्हणाला.

"वावरात."

"हं."

आत चांगुणा भावाचा हात धरून उभी होती. पहिल्या खेपेला काही झालं नाही. डॉक्टरनं घड्याळाकडं बघितलं. दुसऱ्यांदा पाणी आलं. सिताराम कण्हत होता, तिच्या मनगटाला नखं रुतवत होता. "जोर कर रं माज्या राजा," ती म्हणत होती. "जोर कर. लाजू नगस. अक्का हाय."

आणि मग झालं.

असं झालं की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा मोडक्या पायानिशी उठून बसला. नाकाला पदर लावून बायका दाराकडं पळाल्या. सिस्टर "अगं बाई!" म्हणाली. झाडूवाली बादली घेऊन धावत आली आणि तिथंच हसत सुटली. चांगुणा हातापायावर, लुगड्यावर भरलेली, रडत होती का हसत होती तिचं तिलाच कळेना.

रंगनाथ दारात आला. आतला वास आणि गोंधळ बघून तसाच मागं वळला.

"तात्या, झालं!"

"काय झालं?" तात्याराव दचकून उभा राहिला. "काय झालं रं?"

"तेच झालं, तात्या! तेच!"

तात्यारावाला उमगायला क्षणभर लागला. मग त्यानं मांडीवर अशी थाप मारली की कोपऱ्यातलं कुत्रं उठून पळालं. "तुज्या भनं! थोरला पोरगा झाला तवा बी एवढा आनंद झाला न्हवता मला!" आणि दोघंही बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. या खेपेला मध्ये जागा सोडायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

दिवेलागणीला सितारामचं पोट उतरलं होतं. त्यानं डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं. "अक्का. भाकर."

"भाकर उद्या," डॉक्टर हसून म्हणाला. मग चांगुणाकडं वळला. "थांबला असतात तर आतडं फाटलं असतं. बरं केलंत, हटून बसलात ते. आता रोज बघायचं. पाणी, पालेभाजी, पपई, चालणं. आणि गेला का नाही ते विचारायचं. त्यात लाजायचं काही नाही."

सितारामला घरी आणला तेव्हा रंगनाथ आधी वावराकडं पळाला. वावरात तूर नव्हती. सगळी खळ्यावर, नीट रचलेली, आणि वरून गोण्या, घोंगड्या, जुनी लुगडी, एवढंच काय, विहारातली सतरंजीसुद्धा टाकलेली. कडूबाई खळ्याच्या कडेला कमरेवर हात देऊन उभी होती.

"काय बघायलास? सगळ्या वस्तीनं ओढली. नाचून नाचून अंग मोकळं झालं होतं समद्यांचं," ती म्हणाली. मग जरा घुटमळून, "कसा हाय आमचा रुसलेला?"

रंगनाथनं त्याच आठवड्यात परसात खड्डा खणला, तुराट्यांचा कूड घातला, आणि मोडक्या खुर्चीचं बूड काढून ती खड्ड्यावर रोवली. सिताराम तिच्यावर पाटलासारखा बसायचा. बाहेरून दाजी विचारायचा, "झालं का?" आतून आरोळी यायची. लवकरच वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्या चोरून ती खुर्ची वापरायला लागल्या, आणि कडूबाईनं तर नवऱ्याच्या मागं टुमणं लावलं की आपल्याकडं बी असलीच पायजे.

सितारामला आधारघरात परत पोचवायला चांगुणा गेली त्या दिवशी तिथं पालकांची बैठक होती. संस्था चालवणारे माणिकराव गुरुजी मधे खुर्चीवर. भला माणूस. स्वतःची शेती विकायची वेळ आली तरी त्यांनी हे घर चालू ठेवलं होतं. त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "कुणाला काही बोलायचंय का?" रिवाजाप्रमाणं सगळे गप्प बसले.

चांगुणा उठली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. "मला हागन्याचं बोलायचंय," ती म्हणाली.

बायकांनी पदर तोंडाला लावले. माणिकराव खाकरले. पण ती थांबली नाही. तिनं ताशापासून ट्रॅक्टरपर्यंत, धोंड्यांपासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. म्हातारा खाटेवर कसा उठून बसला ते सांगितलं तेव्हा बैठक हसून आडवी झाली. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "माजा भाऊ वाचला. सुमनबाईनं फाटकात अडवलं नसतं तर मी बी म्हनले असते, असलीच असतेत ही. येवढंच सांगायचं होतं."

ती खाली बसली. सुमनबाई दाराशी उभी राहून डोळे टिपत होती. मग मागच्या रांगेतून पूर्णेहून आलेली कस्तुराबाई उठली. तिची मुलगी रत्ना जन्मापासून अंग आखडलेली, मान न सावरणारी. "गुरुजी, माजी रत्ना जेवताना लय खोकतीया. घास घशात अडकतोय. छाती घरघर करतीया न् सांजचा ताप येतोय. मागल्या टायमाला बी सांगितलं मी."

माणिकराव सवयीनं म्हणाले, "कस्तुराबाई, रत्नाचं ते पहिल्यापासून…" आणि मधेच थांबले. सगळी बैठक त्यांच्याकडं बघत होती. ते उठले. चपला शोधायलाही थांबले नाहीत. "सुमनबाई, तिला उचला. जीप मीच काढतो. बैठक तुम्ही चालू ठेवा."

रत्नाला निमोनिया झाला होता. निजवून भरवलेला घास पोटाऐवजी छातीत जात होता. ती लवकर पोचली म्हणून औषधानं भागलं. फाल्गुनात ती आधारघरात परतली, तेव्हा माणिकरावांनी सुताराकडून तिच्या मापाची, मानेला आधार देणारी खुर्ची करून घेतली होती.

त्या दिवशी चांगुणा सितारामला भेटायला तिथं आलेली होती. सुमनबाईनं रत्नाला खुर्चीत ताठ बसवलं, हनुवटी जरा खाली केली, आणि मऊ खिचडीचा एवढासा घास चमच्यावर घेतला. कस्तुराबाई रत्नाच्या घशाकडं टक लावून बघत होती. रत्नानं घास घेतला. घोळवला. गिळला. खोकली नाही. दुसरा घेतला. तिसऱ्याला तिनं आपला आखडलेला हात थरथरत उचलला, बरीच खटपट करून चमचा सुमनबाईच्या हातातून हिसकला, आणि निम्मी खिचडी सांडत उरलेला घास सुमनबाईच्याच तोंडात कोंबला.